प्रोसेसरचा ताप आणि आपल्या गावचा कापूस

अगं, आधी मन शांत कर. रेंडर लावला की थोड्या वेळात मशीन मंदावतं, पंखा किंचाळायला लागतो, आणि दाखवायला नेलं तर ‘आता नवाच घ्या’ असं ऐकावं लागतं, हे तू सांगितलंस तेव्हाच मला अंदाज आला होता. नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही. तुझा आय-७ १२७०० चांगला धडधाकट आहे. त्याला फक्त ताप चढतोय, आणि त्यावरचा उपाय नव्या मशीनच्या किमतीपुढे अगदी किरकोळ आहे.

काय होतं ते आधी समजून घे, म्हणजे कुणी काहीही सांगितलं तरी तू गोंधळणार नाहीस. या प्रोसेसरच्या कागदावर ६५ वॉट लिहिलेलं असतं. पण तो पूर्ण जोरात पळायला लागला की इंटेलच्याच आकड्याप्रमाणे १८० वॉटपर्यंत वीज खातो, आणि ती सगळी उष्णता म्हणून बाहेर पडते. खोक्यातून आलेला तो गोल बुटका कूलर एवढी उष्णता फार वेळ ओढू शकत नाही. मग तापमान १०० अंशांना टेकतं, आणि जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तुझं मशीन मंदावतं ते यामुळं. ते बिघडलेलं नाही, जीव वाचवतंय.

आता आपल्या गावाची गोष्ट. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून आपल्या हवेत सूत आहे. आपलं घर मागाच्या शेडला लागून आहे, तुझी खोली तर भिंतीपलीकडेच. मागावर ताण्याचं सूत घासतं, त्यातून बारीक तंतू सुटतात, आणि सायझिंगमध्ये सुताला दिलेल्या खळीची पूडही झडते. पुण्यातल्या धुळीत आणि या कापसात मोठा फरक आहे. साधी धूळ पात्यांवर बसते, फुंकली तर उडते. कापसाचे तंतू एकमेकांत अडकतात, त्यात खळीची पूड मिसळते, आणि पावसाळ्यात हवा ओली झाली की त्याचा जाड थर तयार होतो. बुटक्या कूलरमध्ये पंखा वर आणि उष्णता सोडणारे पत्रे खाली, त्यामुळं हा थर पंख्याखाली लपून राहतो. वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि आतून वाट पूर्ण बंद झालेली असते.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी दोन कामं कर. पहिलं, आहे तो कूलर नीट साफ कर. दुसरं, बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरची वीज-मर्यादा बघ. बरेच मदरबोर्ड ती मोकळी सोडून देतात. ती १२५ वॉटच्या आसपास बांधलीस तर रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल, पण ताप चांगलाच उतरेल. याला एक रुपया लागत नाही. एवढ्यावर भागलं तर उत्तमच. पण तू रात्र-रात्र कापडाचे रेंडर लावतेस, तेव्हा मला वाटतं तुला मोठा कूलर लागेलच.

कोणता घ्यायचा, यावर माझं मत पक्कं आहे: एकाच बुरुजाचा, म्हणजे पत्र्यांच्या एकाच उभ्या थप्पीचा, चार तांब्याच्या नळ्यांचा, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा उभा कूलर. डीपकूलचा एके४०० किंवा कूलर मास्टरचा हायपर २१२ या जातीतला. दोन बुरुज, दोन पंखे, सहा-सात नळ्यांचे कूलर जास्त ताकदीचे असतात हे खरं. नॉक्टुआचा एनएच-डी१५ तर जगभर नावाजलेला आहे. पण तो पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर जातो, आणि दोन बुरुजांच्या मधे अडकलेला कापूस काढायचा म्हणजे मधला पंखा उपसावा लागतो. आपल्याकडे जो कूलर सहज साफ होतो तोच चांगला. एका बुरुजाच्या कूलरचा पंखा तारेच्या दोन क्लिपांवर असतो. क्लिप सोडवली की पंखा हातात येतो आणि पत्रे समोर उघडे पडतात. शिवाय १२० मिलिमीटरचा पंखा ही सगळीकडे चालणारी साइज आहे. उद्या तो गेला तर नुसता पंखा बदलता येतो.

पाण्याचा कूलर नको. त्यात पंप असतो, तो कधीतरी थकतो, आणि त्याच्या रेडिएटरमध्ये कापूस तसाच अडकतो. तुझ्या प्रोसेसरला त्याची गरजही नाही.

या तांब्याच्या नळ्यांत काय असतं ठाऊक आहे का? मला हा भाग फार आवडतो. त्या भरीव नसतात. आतली हवा काढून त्यात थोडंसं पाणी भरलेलं असतं. हवेचा दाब नसल्यामुळं ते पाणी १०० अंशांच्या कितीतरी आधी उकळतं. प्रोसेसरजवळच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ वर पत्र्यांकडे धावते, तिथं पंख्याच्या हवेनं थंड होऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या बारीक जाळीतून ते पाणी समईच्या वातीत तेल चढावं तसं परत खाली ओढलं जातं. कुठलाही पंप नाही, वीज नाही. पंखा सोडला तर त्या कूलरमध्ये बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाहीच.

पण एक गोष्ट कुठलाच हवेचा कूलर करू शकत नाही. खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड ठेवणं त्याला शक्य नाही. कूलर तपासणाऱ्या व्हिडिओंत आकडे दाखवतात ते एसी लावलेल्या खोलीतले, वीस-पंचवीस अंशांचे. एप्रिलमध्ये तुझी पत्र्याखालची खोली चाळीसला जाते. म्हणजे त्यांचे आकडे तुझ्याकडे सरळ पंधरा-वीस अंशांनी वाढणार. त्यांच्याकडे ६५ दिसतं तिथं तुझ्याकडे ८०-८५ दिसलं तर घाबरू नकोस. पूर्ण ओझ्याखाली तेवढं चालतं.

विकत घ्यायच्या आधी तीन मापं कागदावर लिहून ने. पहिलं सॉकेट. तुझा एलजीए १७०० आहे. त्याच्या भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर, जुन्या ११५१ आणि १२०० चं ७५ होतं. फक्त तीन मिलिमीटरचा फरक, पण जुन्या साठ्यातला कूलर बसत नाही. खोक्यावर ‘१७००’ लिहिलेलं आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. दुसरं, कॅबिनेटची रुंदी. हे कूलर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. तुझ्या कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असेल. नसेल तर झाकण काढून मदरबोर्डपासून झाकणाच्या कडेपर्यंत फुटपट्टीनं मोज आणि त्यातून सात-आठ मिलिमीटर वजा कर. तिसरं, रॅमची उंची. चमचमत्या दिव्यांच्या रॅमपट्ट्या उंच असतात, त्या पंख्याला अडतात. तुझ्या साध्या आहेत, तिथं काळजी नाही.

आणि हो, कूलर किती शांत आहे यावर जास्त पैसे घालवू नकोस. शहरातल्या लोकांना कुजबुजणारा पंखा हवा असतो. तुझ्या भिंतीपलीकडे माग चालू असतात, तुला पंखा ऐकूच येत नाही. बायॉसमध्ये तो मोकळेपणानं जोरात फिरू दे. मात्र यात एक धोका आहे, तो नीट ऐक. मागांच्या आवाजात पंखा बंद पडला तरी तुला कळणार नाही. म्हणून एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाक आणि रेंडर लावून झोपायच्या आधी पंख्याचे फेरे आणि तापमान एकदा डोळ्यांखालून घाल. बायॉसमध्ये पंखा थांबल्याची सूचना चालू करायची सोय असते, तीही चालू कर.

आता लावायचं काम. हे तू स्वतः कर. आपल्या घरात मागाचा धोटा, पट्टा, गिअर यांच्याशी बायकांचे हात रोज झगडतात, आणि कॉम्प्युटर उघडायची वेळ आली की तो काकांच्या मुलाकडे जातो. मला हे मुळीच पटत नाही. या कामाला एक चांगला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ सुती कापड आणि तासभर शांत वेळ लागतो. सॅनिटायझर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नकोस, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात.

माग बंद असतील असा दिवस निवड, नाहीतर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या ताज्या पेस्टवर तंतू येऊन बसतात. आधी पाच-दहा मिनिटं मशीन चालू ठेव, म्हणजे जुनी पेस्ट मऊ पडेल. मग वायर काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरव. जुन्या कूलरच्या चारही प्लॅस्टिकच्या पिना त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेनं फिरव, वर ओढ, पंख्याची वायर सोडव आणि कूलर हळूच हलवत उचल. जुनी पेस्ट पुसून काढ, प्रोसेसरचा धातू लखलखीत दिसेपर्यंत.

नव्या कूलरची मागची पट्टी मदरबोर्डच्या पाठीमागून बसते. कॅबिनेटचं दुसरं झाकण काढलंस की तिथं त्यासाठी मोठी खाच दिसेल, मदरबोर्ड बाहेर काढावा लागणार नाही. पट्टीचे खांब समोर आले की त्यावर दोन लोखंडी कमानी बसव. मग पेस्ट, ती कूलरच्या तळाला आधीच लावलेली नसेल तर. तुझा प्रोसेसर लांबट आहे, तेव्हा मधे एक छोटा थेंब देण्यापेक्षा बारीक फुली काढ. दाबल्यावर ती आपोआप पसरते. जाड थर दिला तर उष्णता अडते, कारण पेस्टचं काम फक्त दोन धातूंमधल्या फटी भरायचं.

कूलरच्या तळाला बहुतेकदा एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. तो काढ. पेस्ट लावायच्या आधीच काढ आणि काढलेला पापुद्रा टेबलावर समोर ठेव, म्हणजे शंका राहणार नाही. कूलर लावूनही ताप उतरत नाही तेव्हा कित्येकदा तोच पापुद्रा आत राहिलेला असतो.

स्क्रू आवळताना एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे जाऊ नकोस. इकडे दोन वळसे, तिकडे दोन वळसे, असं करत दोन्ही जिथं आपोआप थांबतात तिथवर ने. पंखा रॅमच्या बाजूला लाव, हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जायला हवी. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते, हे लक्षात ठेव. वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलंय तिथंच लाव.

तुझ्या मैत्रिणीकडे रायझनचं एएम४ मशीन आहे ना, तिला एवढं नक्की सांग: त्या प्रोसेसरच्या खाली नाजूक पिना असतात, आणि कूलर सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळं प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. आधी मशीन गरम करून कूलर डावी-उजवीकडे किंचित पिळायचा, मगच उचलायचा. आणि पुढचे चार स्क्रू काढले की मागची पट्टी गळून पडते, ती हातानं धरून ठेवायची.

लावून झालं की सिनेबेंच ही प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी दहा मिनिटं चालव. जुना कूलर काढायच्या आधीच त्याचे आकडे लिहून ठेव, खोलीच्या तापमानासकट. फरक स्वतः बघितलास की पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

पुढची निगा मात्र न चुकता राख. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेव, तंतू खालीच जास्त असतात. समोरच्या जाळीला बारीक फिल्टर लाव आणि तो आठवड्याला झटक. महिन्यातून एकदा कॅबिनेट गच्चीवर ने, पंखा काढ, पात्यांना बोट लावून थांबवून धर आणि ब्लोअरनं पत्रे मागून पुढे साफ कर. त्या वेळी नाका-तोंडाला मास्क लाव. कापसाच्या धुळीनं गिरणी कामगारांची फुप्फुसं निकामी होतात, त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. आप्पांचा खोकला आपण ऐकतोच. मशीनसाठी तू स्वतःच्या छातीत ती धूळ घ्यावीस हे मला चालणार नाही.

मशीन कुठं न्यायचं झालं तर कॅबिनेट आडवं ठेवून ने, कूलरचं वजन मदरबोर्डवर लटकता कामा नये. दुचाकीवर तर कूलर काढूनच. बिल आणि उरलेले सगळे स्क्रू-पट्ट्या त्याच खोक्यात सांभाळून ठेव, पुढं सॉकेट बदलला तर तेच शोधावे लागतात. आणि लावताना कुठं अडलीस तर जबरदस्ती करू नकोस, व्हिडिओ कॉल लाव. मी जागीच असेन.