हजेरीपट आणि पालक

मुलाचे नाव प्राथमिक शाळेत घातले म्हणजे त्याच्या शिक्षणाची सोय झाली, असे पुष्कळ कुटुंबांत समजले जाते. वस्तुतः नाव पटावर असणे आणि मूल वर्गात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली एकदाच घडते. दुसरी रोज घडावी लागते. भारतातील सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर या दुसऱ्या गोष्टीसाठी कायद्याला आपला मार्ग बदलावा लागला असे दिसून येते.

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. नामदार गोखले यांनी 1911 साली मध्यवर्ती कायदेमंडळात यासंबंधीचे विधेयक मांडले. ते 1912 मध्ये फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी 1917 साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. जे पालक मुलांना शाळेत पाठवणार नाहीत त्यांना दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला होता. शिक्षण ही घराची खाजगी बाब नसून समाजाची जबाबदारी आहे, हे या दंडाने स्पष्ट झाले.

तथापि दंडाला एक मर्यादा होती. ज्या घरातील मूल गुरे राखते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळते, त्या घराला दंड भरण्याची ऐपतही नसते. शिवाय नाव घातलेले मूल शाळेत टिकेल अशी हमी दंड देऊ शकत नव्हता. 1929 च्या हारटॉग समितीने प्राथमिक शिक्षणातील दोन मोठे दोष दाखवून दिले: एक गळती, म्हणजे अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच मुलांनी शाळा सोडणे, आणि दुसरा स्थगिती, म्हणजे एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकून राहणे. या दोन्ही दोषांचा अनियमित हजेरीशी निकटचा संबंध आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकांचे कर्तव्य मानले आहे. पण त्या कलमाला दंडाची जोड नाही. उलट, 'सक्ती' या शब्दाचा अर्थच येथे बदलला आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांची खात्री करून देण्याचे बंधन शासनावर आहे. मुलांच्या उपस्थितीवर देखरेख ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाच्या उपस्थितीची व प्रगतीची माहिती त्यांना दिली पाहिजे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

याचा अर्थ पालकांचे काम संपले, असा मात्र नाही. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी कायद्याने वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरली पाहिजे असे ठरविले आहे. आठवड्याला सहा दिवस शाळा धरली, तर हे सुमारे 33 आठवडे होतात. आठवडेबाजाराच्या दिवशी मूल दर वेळी घरी राहिले, तर वर्षात 33 दिवस, म्हणजे एकषष्ठांश शिक्षण बुडते. एक दिवस कोणालाही क्षुल्लक वाटतो. पण त्या दिवशी शिकविलेला हातच्याचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या वजाबाकीला लागतो. न कळलेले मूल गप्प बसते; गप्प बसण्याची लाज वाटू लागली म्हणजे शाळा टाळते. गळती होते ती बहुधा अशी, हळूहळू. ज्या दिवशी शाळा सुटली असे नेमके सांगता येईल, असा दिवस कोणालाच आठवत नाही.

म्हणून गैरहजेरीचे कारण जाणणे हे तिचे दिवस मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आजार हे न्याय्य कारण होय. कांजिण्या आलेल्या मुलाने सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच राहावे. त्यातच इतर मुलांचे हित आहे. अशा वेळी पालकांनी त्याच दिवशी शेजारच्या मुलाबरोबर का होईना, शाळेत निरोप धाडावा आणि परतल्यावर बुडालेला अभ्यास कोणता हे विचारून घ्यावे. घरकामासाठी मुलीला मागे ठेवणे हे मात्र न्याय्य कारण नव्हे. बालकामगारविषयक कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनुसार मुलाने कुटुंबाला हातभार लावायचा, तो शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीतच.

स्थलांतराचा प्रश्न याहून बिकट आहे. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगार गळीत हंगामासाठी गाव सोडतात. ओडिशाच्या बलांगीर भागातील कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुलांना पाठीमागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना दोन्ही राज्यांत आहे. जी मुले आईबापांबरोबर जातात, त्यांना नव्या गावच्या शाळेत प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. शाळा सोडल्याचा दाखला वेळेवर आला नाही, एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. हा नियम ठाऊक नसल्यामुळे कित्येक पालक शाळेच्या दारापर्यंतही जात नाहीत.

पालकांना आपले म्हणणे मांडण्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्या सदस्यांपैकी किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. परिसरातील सर्व मुलांची नावनोंदणी व सातत्याने उपस्थिती पाहणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. समितीच्या बैठकीत हजेरीपट समोर ठेवून ज्या मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत आहेत, त्यांच्या घरी कोण जाणार हे ठरविले पाहिजे. सलग महिनाभर न आलेल्या मुलाला परत आणणे कठीण असते. तिसऱ्या दिवशी दारात जाऊन केलेली चौकशी पुष्कळदा पुरेशी ठरते. हजेरीपट हा शिक्षेचा कागद नव्हे. कोणत्या घराला केव्हा मदत हवी, हे तो वेळेवर सांगतो. मात्र तो वाचणारा कोणीतरी असावा लागतो.