फायरवॉलचे गणक आणि नोंदींची मर्यादा

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• गणक आणि नोंद यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• नोंदींवर मर्यादा घालण्याची गरज आणि त्यातील धोका सांगता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचे प्रवेशद्वार डोळ्यांसमोर आणा. पहारेकरी वाहने मोजतो आणि नोंदवहीत त्यांचा क्रमांक व वेळही लिहितो. मोजणीतून ‘किती’ हे कळते. नोंदीतून ‘कोण, केव्हा, कोठून’ हे कळते. सर्व्हरच्या दारावरील फायरवॉल हीच दोन कामे करते.

विषय-विवेचन
१. गणक : लिनक्स सर्व्हरवरील ‘आयपीटेबल्स’ या फायरवॉलमध्ये प्रत्येक नियमापुढे दोन आकडे दिसतात : नियमाशी जुळलेली पॅकेटे आणि त्यांचे एकूण बाइट. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की हे आकडे सामान्यतः शून्यावर येतात. म्हणून गणक शून्य करण्यापूर्वी आकडा आणि वेळ टिपून ठेवावी.

२. नोंदींची मर्यादा : पेणमधील एक मूर्तिकार गणेशोत्सवापूर्वी संगणकावरून मागण्या स्वीकारतो, असे समजू. त्याच्या सर्व्हरवर दहा मिनिटांत सारख्या अंतराने १,००० अनाहूत पॅकेटे आली. प्रत्येकाची नोंद होत राहिली आणि मारा चालूच राहिला, तर डिस्क भरेल व मागण्या घेणेच थांबेल. शत्रू दाराबाहेरच राहील. तरीही हंगाम बुडेल.
यावर ‘मिनिटाला ५ नोंदी, आरंभी सलग ५’ अशी मर्यादा घालता येते. मग सुमारे ५५ नोंदी होतील. अडवणाऱ्या नियमाचा गणक मात्र १,००० दाखवील. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे अडवलेली, पण न नोंदलेली पॅकेटे.

३. नियमांचा क्रम : नोंदीचा नियम आधी आणि अडवण्याचा नियम नंतर लिहावा. मर्यादा केवळ नोंदीच्या नियमाला लावावी. ती चुकून अडवण्याच्या नियमाला लागली, तर मर्यादेपलीकडील पॅकेटे त्या नियमातून निसटून पुढे जातात.

४. मर्यादेचा धोका : एकाच्या गोंगाटात दुसऱ्या घुसखोराची नोंद हुकू शकते. यासाठी ‘हॅशलिमिट’ या सोयीने प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र मर्यादा द्यावी.

५. जतन : ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या व शासकीय संस्था यांनी नोंदी १८० दिवस जपणे, तसेच सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आवश्यक आहे. म्हणून जागा वाचवण्यासाठी नोंदींचा वेग कमी करावा, जतनाचा काळ नव्हे.

सारांश
गणक व्याप्ती सांगतो, नोंद ओळख सांगते. मर्यादा लेखनावर असावी, पहाऱ्यावर नसावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. गणक शून्य करण्यापूर्वी कोणती काळजी घ्याल?
२. अडवण्याच्या नियमाचा गणक ४०० आणि नोंदी ६० असल्यास, न नोंदलेली पॅकेटे किती? त्यावरून कोणता निष्कर्ष काढाल?
३. आपल्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीची फायरवॉलच्या नोंदींशी पाच वाक्यांत तुलना करा.