न दिसलेलेही मेंदू दाखवतो

कागदावर एक फुली काढा. तिच्या उजवीकडे ८ सें.मी. अंतरावर ठळक ठिपका द्या. डावा डोळा झाकून फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सें.मी.वर ठिपका नाहीसा होतो!

डोळ्याची नस जिथून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तरी भोक दिसत नाही. मेंदू भोवतालचा कागद तिथे भरून टाकतो.

काचबिंदूत हीच सोय घात करते. नजर बहुधा कडेने जाते, बहुतेकदा दुखतही नाही आणि मेंदू उणीव झाकतो. गेलेली नजर परत येत नाही; उरलेली उपचाराने राखता येते. म्हणून चाळिशीनंतर, घरात कुणाला काचबिंदू असल्यास तर नक्कीच, ‘मला स्पष्ट दिसते’ म्हणून थांबू नका. नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या.