अभियांत्रिकीची रीत : कोयनेचा धडा

नळाच्या पाण्यापासून रेल्वेच्या पुलापर्यंत आपल्या बहुतेक सोयींमागे अभियंत्याचे काम असते. तथापि ते काम नेमके कसे चालते, याची कल्पना विद्यार्थ्यांना क्वचितच दिली जाते. विज्ञान निसर्गाचे नियम शोधते. अभियांत्रिकी त्या नियमांच्या आधारे, उपलब्ध पैसा, साहित्य व वेळ यांच्या मर्यादेत राहून समाजाची गरज भागविते. शिवाय सर्व माहिती हाती येईपर्यंत तिला थांबता येत नाही. ही रीत समजून घेण्यास सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्प हे उत्तम उदाहरण आहे.

उंचीचा उपयोग

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कोयना कराड येथे कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात उतरतो. नदी अडवून तिचे पाणी बोगद्याने पश्चिमेकडे वळविले, तर ते साडेचारशे मीटरहून अधिक खाली पडते, हे या योजनेचे मर्म आहे. हिशेब विद्यार्थ्यांनाही करता येईल. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन. ते ४५० मीटर खाली येताना सुमारे १.२ युनिट ऊर्जा मिळते. वाटेतील घट वजा जाता एक युनिट वीज हाती लागते. पोफळी येथे डोंगराच्या पोटात वीजगृह उभारून या कामास आरंभ झाला. पुढील टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९०० मेगावॉटहून अधिक झाली.

या लाभाची किंमतही सांगितली पाहिजे. जलाशयाखाली गावे गेली, कुटुंबे विस्थापित झाली. पश्चिमेकडे वळविलेले पाणी कृष्णेला परत मिळत नाही. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली.

गृहीताची परीक्षा

कोयनेचे धरण १०३ मीटर उंच आहे. शंभर मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला सुमारे शंभर टन दाब देते. हा रेटा धरण मुख्यतः स्वतःच्या वजनाने सोसते. दख्खनचा पाषाण स्थिर आहे, असा त्या काळी समज होता. तरीही आराखड्यात भूकंपासाठी धरणाच्या वजनाच्या पाच टक्के इतके आडवे बल धरले होते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे रिश्टर मापनावर सहाहून अधिक क्षमतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरे कोसळली. धरणात बसविलेल्या यंत्राने नोंदविलेला हादरा आराखड्यातील गृहीतापेक्षा कित्येक पटींनी मोठा होता. खालच्या अंगाचा उतार जेथे एकदम बदलतो, त्या पातळीवर उंच भागांत आडव्या भेगा पडल्या व पाणी झिरपू लागले. मात्र धरण उभे राहिले. धक्का अपेक्षेपलीकडचा असूनही खालची वस्ती पुरातून वाचली.

चुकीतून नियम

यानंतरचे काम विशेष बोधप्रद आहे. भेगा बुजविण्यात आल्या, वरचा भाग ताणलेल्या पोलादी तारांनी आवळण्यात आला आणि पुढे खालच्या अंगास काँक्रीटचे टेकू देण्यात आले. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात १९७० साली सुधारणा झाली. देशाचा कोणताही भाग भूकंपाच्या धोक्यापासून पूर्णतः मुक्त मानण्याची पद्धत त्या वेळी संपली. जलाशय भरल्यानंतर या परिसरात भूकंप वाढल्याने तेथील अभ्यास जगभर महत्त्वाचा ठरला. २०१७ साली सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खोदून भूगर्भाची पाहणीही झाली. गृहीत धरणे, मोजणे, उणीव आढळताच दुरुस्त करणे आणि तो अनुभव नियमात उतरविणे ही अभियांत्रिकीची रीत होय.

गावातील धडा

हीच रीत गावच्या बंधाऱ्यास, पाण्याच्या टाकीस आणि शाळेच्या इमारतीसही लागू आहे. आराखड्यातील सुरक्षिततेची जादा तजवीज पाहून ती अनावश्यक वाटते व खर्च वाचविण्यासाठी तीच प्रथम छाटली जाते. कोयनेच्या धरणास पाच टक्क्यांपलीकडचा धक्का सोसता आला, तो त्याच्या अंगच्या राखीव बळामुळे. पंचायत सदस्यांनी काम स्वीकारताना सिमेंटचे प्रमाण, पायाची खोली आणि काँक्रीटवर पाणी मारण्याचे दिवस विचारावेत. त्यानंतर वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, पाहणी करून तडे व गळती यांची तारखेसह नोंद ठेवावी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा पाहणीस न्यावे. तड्याच्या दोन्ही टोकांना खूण करून महिन्याने पुन्हा मोजण्यास सांगावे. तडा वाढला आहे की नाही, हे मापाने सांगता येऊ लागले म्हणजे अभियांत्रिकीचा पहिला पाठ पूर्ण झाला असे समजावे.