पाया घालण्यापूर्वी हिशेब

अभ्यासपाठ. वाचन : लूक १४:२८-३०



या वचनात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. आधी बसून खर्च मोजला नाही, तर पाया घातला जातो आणि काम तिथेच थांबते. लहान मुलांच्या शिक्षणाला दान देताना हा धडा मला उशिरा उमगला.

मालवण तालुक्यातल्या एका कातकरी वाडीपासून अंगणवाडी दूर होती, म्हणून आम्ही तिथे बालवाडी काढली. नाताळच्या दानातून खोली रंगवली, खेळणी आणली, झोपाळा टांगला. शिकवणाऱ्या ताईचे मानधन मात्र एका वर्षापुरतेच धरले होते. पैसे संपले, ताईंनी दुसरे काम धरले, खोलीला कुलूप लागले. पुढच्या जूनमध्ये मुले पहिलीत गेली. घरी कातकरी बोलणाऱ्या त्या मुलांना शाळेतली मराठी समजेना. दिवाळीनंतर दोघे शाळेत गेलीच नाहीत. चूक आईबापांची नव्हती, आमच्या हिशेबाची होती.

असे काम टिकते कसे, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवले आहे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले आले. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तरी अनुताईंनी काम सोडले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिची केंद्रे आज अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात.

यातून मी एक गोष्ट शिकले. बालवाडीचा दर्जा रंगात किंवा झोपाळ्यात नसतो. मुलांची बोली जाणणारी, त्यांच्या घरी जाणारी, वर्षानुवर्षे तिथेच राहणारी ताई हाच तो दर्जा. म्हणून तिचे मानधन हा वरखर्च नव्हे, तोच मुख्य खर्च.

आता त्याच वाडीतली एक सून मुलांना शिकवते. परवा ती कुर्लीचे पाय मोजून दाखवत होती. नांग्यांसकट बरोबर दहा! मुले आधी कातकरीत मोजतात, मग मराठीत.

तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत मूल आपल्याकडे असते. म्हणून माझी विनंती अशी : एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडे, पण सलग तीन वर्षे द्या.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या मंडळीने सुरू करून अर्धवट सोडलेले काम कोणते? त्याची झळ कोणाला लागली?
२. दान देताना आपण वस्तू पाहतो की माणूस?

प्रार्थना : हे प्रभू, आम्ही घातलेला पाया पुरा करण्याची चिकाटी आम्हांला दे. आमेन.