समुद्रकांठच्या वाडींत कॅमेलिया

घराभोंवतीं चार शोभेचीं झाडें लावण्याची हौस पालघर, बोईसर व तारापूर या टापूंतील बागाईतदारांस नवी नाहीं. जास्वंद, तगर, अनंत, मोगरा हीं तर बहुतेक अंगणांत असतातच. परंतु थंड हवेच्या ठिकाणीं पाहिलेलें कॅमेलियाचें झुडूप आपल्याहि दारीं असावें, अशी इच्छा कित्येकांस होते. त्याचीं काळसर हिरवीं, तकतकीत पानें आणि एकेक पाकळी मोजून बसविल्यासारखें तें फूल एकदां पाहिलें म्हणजे ही इच्छा होणें स्वाभाविक आहे. मग महागाचें रोप आणिलें जातें, त्यास विहिरीचें भरपूर पाणी दिलें जातें, आणि तें दुसरा वैशाख पाहात नाहीं. दोष उन्हाला दिला जातो. आमच्या मतें तो बहुतेक ठिकाणीं उन्हापेक्षां पाण्याचा असतो. म्हणून येथें पाण्याचाच विचार अधिक केला आहे.

कॅमेलिया हें मूळचें जपान, कोरिया व चीन या देशांतील रानांतलें झाड. आपण रोज ज्याचीं पानें उकळतों तो चहा याच कुळांतला, सख्खा भाऊच म्हणा ना! फिलिपाइन्स बेटांत राहिलेला जेझुइट धर्मोपदेशक व वनस्पतींचा अभ्यासक गेऑर्ग योसेफ कामेल (१६६१–१७०६) याच्या नांवावरून लिनीयसनें या कुळास हें नांव दिलें. परदेशचें झाड म्हणून तें येथें जगत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. घोलवड-डहाणूचा चिकूहि परदेशचाच. पण त्याचें मूळ ठिकाण मेक्सिकोकडील उष्ण मुलूख असल्यामुळें तो आपल्या किनाऱ्यावर घरच्यासारखा वाढला. चहाचे मळे आसामांत, दार्जिलिंगास व निलगिरीवर झाले, पालघरास झाले नाहींत, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे कॅमेलियाच्या गरजा निम्म्या कळल्या. त्यास आम्लधर्मी, म्हणजे चुन्याचा अंश नसलेली, भुसभुशीत जमीन लागते. मुळाशीं ओल सतत हवी, पण सांचलेलें पाणी घटकाभरहि नको.

आतां आपल्याकडील स्थिति पाहूं. किनाऱ्यालगतच्या रेताड वाड्यांत कोठें कोठें शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो, आणि शिंपला म्हणजे चुनाच. खाडीजवळच्या जमिनी खारवट असतात. विहिरीचें पाणी पावसाळ्यानंतर गोडें लागलें, तरी चैत्र-वैशाखांत पातळी उतरली म्हणजे किनाऱ्याकडील कित्येक विहिरींचें पाणी मचूळ होतें. नारळीस असलें पाणी चालतें, चिकूहि बरेंच सोसतो. कॅमेलियास तें विषासारखें होय. मिठानें पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. चुन्याचा परिणाम निराळा दिसतो: जमिनींत लोह असूनहि चुन्यामुळें तें मुळांस घेतां येत नाहीं, आणि नवीं पानें पिवळीं पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असें पान दिसलें कीं पुष्कळजण खत वाढवितात. दुखणें खताच्या अभावाचें नसल्यामुळें त्या खतानें झाड उलट लवकर जातें.

पाणी पारखण्यास प्रयोगशाळाच पाहिजे असें नाहीं. ज्या पाण्यांत साबणाचा फेस नीट होत नाहीं, किंवा जें रोज तापविल्यानें भांड्याच्या बुडाशीं पांढरें कीट बसतें, तें या झाडास घालूं नये. जमिनीची पारख अशीच सोपी आहे. मूठभर कोरड्या मातीवर लिंबाचा रस किंवा शिरका टाकावा; बुडबुडे येऊन माती फसफसली तर तींत चुना आहे असें समजावें.

मग कॅमेलियास पाणी द्यावें कोणतें? पावसाचें. आपल्याकडे तें आभाळांतून फुकट पडतें आणि पन्हळींतून वाहून जातें. शंभर चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सव्वादोनशे लिटरांहून अधिक पाणी मिळतें, म्हणजे दोनशे लिटरांचें एक पिंप भरून थोडें उरतें. पहिल्या दोन-चार सरींनीं छप्पर धुऊन जाऊं द्यावें व नंतरचें पाणी कपड्यानें गाळून भरावें. पिंप सावलींत ठेवून झांकण घट्ट लावावें, नाहीं तर डासांची पैदास होईल. मध्यम कुंडींतील झाडास ऐन उन्हाळ्यांत दिवसाकांठीं दोन-तीन लिटर पाणी पुरतें. चैत्र व वैशाख या दोन महिन्यांचा हिशेब दीडशे-पावणेदोनशे लिटरांवर जातो. त्यावरून आमचें सांगणें असें कीं, जितकीं पिंपें तितकींच झाडें लावावीं. हिंवाळ्यांत, विहिरीचें पाणी गोडें असेतों, तें वरील पारखेस उतरल्यास द्यावें व पिंपाचें पाणी उन्हाळ्याकरितां राखावें. वीस कुंड्या मांडून भाजीच्या वाफ्याचें पाणी त्यांच्याकडे वळविणें हें शेतकऱ्याच्या घरीं शोभत नाहीं.

झाड जमिनींत न लावतां कुंडींतच लावावें, कारण कुंडींतील माती आपल्या ताब्यांत राहते. कुंडी बारा-चौदा इंची व बुडाशीं मोठें भोंक असलेली घ्यावी. वरकस जमिनीवरील तांबडी माती दोन भाग, पुरतें कुजलेलें पाल्याचें खत दोन भाग व नदीची जाड वाळू एक भाग, असें मिश्रण करावें. समुद्राची वाळू कितीहि धुतली तरी वापरूं नये. काथ्याचा भुसा मिसळावयाचा असल्यास तो दोन-तीन वेळां गोड्या पाण्यांत भिजवून निथळून घ्यावा, कारण त्यांतहि मीठ असतें. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. चुलींतील राख झाडांच्या बुडाशीं टाकण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि भाताच्या राबाची माती उत्तम म्हणून फुलझाडांसहि घालितात. भातास व भाज्यांस तें ठीक. परंतु राख चुन्याच्याच गुणाची असल्यामुळें कॅमेलियाच्या कुंडींत तिची चिमूटहि जाऊं देऊं नये. हाडांच्या चुऱ्याचेंहि तेंच.

रोप भाद्रपदांत, पावसाचा जोर ओसरल्यावर, लावावें. तें पहिल्या कुंडींत जितकें खोल होतें तितकेंच ठेवावें. खोडावर माती चढविल्यास तें कुजतें. मुळें वरच्या थरांत पसरत असल्यामुळें खुरपणी करूं नये. त्याऐवजीं दोन इंच वाळका पाला पसरावा, मात्र तो खोडास टेकूं देऊं नये. कुंडी घराच्या पूर्वेस किंवा उत्तरेस ठेवावी. सकाळचें नऊ-साडेनऊपर्यंतचें ऊन हितकर, त्यापुढचें नको. पश्चिमेकडून येणारा खारा वारा कुडानें किंवा भिंतीनें अडवावा. पावसाळ्यांत कुंडी विटांवर उचलून ठेवावी व बुडाचें भोंक बुजलें नाहीं ना, हें दर आठवड्यास पाहावें. आपल्याकडील आषाढांत मुळें कुजून जितकीं झाडें मरतात, तितकीं उन्हानेंहि मरत नसतील. पावसाच्या आरंभीं व शेवटीं मूठभर कुजविलेली एरंडीची पेंड पुरे.

पानांवर वर सांगितलेला पिवळेपणा दिसल्यास दहा ग्रॅम हिराकस पांच लिटर पावसाच्या पाण्यांत विरघळवून, त्यांत एका लिंबाचा रस पिळून, संध्याकाळीं पानांवर फवारावें व पंधरा दिवसांनीं पुन्हां करावें. खवले कीड व पिठ्या ढेकूण ओल्या फडक्यानें पुसून काढावे. उन्हाळ्यांत लाल कोळी होतो. पानांच्या खालच्या अंगास पाणी मारीत गेल्यास तो वाढत नाहीं.

फुलांविषयीं स्पष्ट सांगितलेलें बरें. कॅमेलियाची कळी उष्ण दिवसांत धरते, पण ती नीट उमलण्यास थंडीचे बरेच आठवडे लागतात. आपल्या किनाऱ्यावर थंडी पौष-माघांत येते आणि लवकर जाते. त्यामुळें कळ्या पुष्कळ आल्या तरी त्यांतील कांहीं तपकिरी होऊन गळतात, व उमललेलें फूल डोंगरावरील फुलाहून लहान असतें. एका डहाळीस एकच कळी ठेवून बाकीच्या खुडाव्या, आणि कळी धरल्यापासून कुंडीची जागा बदलूं नये. एवढें करूनहि वर्षास पांच-दहा फुलें मिळालीं तर संतोष मानावा. त्यांस बहुधा वास नसतो, हेंहि हार-वेणीची आशा करणारांनीं आधींच जाणून असावें.

ज्यांस एवढी दगदग नको, त्यांनीं अनंताकडे पुन्हां एकदां पाहावें, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. तोहि चीनकडचाच, पानें तशींच तकतकीत, फूल पांढरें, भरगच्च, आणि वर सुगंध! लहान मुलांस दांत येतांना जी डिकेमाली देतात, तिचें झाड आपल्या महाराष्ट्रांतील रानांत होतें व तें अनंताच्याच कुळांतलें आहे. अनंतासहि चुना व राख आवडत नाहीं, परंतु आपली उष्णता तो सहज सोसतो आणि फुलण्यास थंडीची वाट पाहात नाहीं. पैशाचें फूल हवें असल्यास मात्र मोगराच लावावा. विक्रमगड-जव्हारकडील शेतकरी तो शेतांत लावून दादरच्या बाजारीं पाठवितात.

अनंताचें रोप विकत आणण्याचें कारण नाहीं. शेजाऱ्याच्या जुन्या झाडावर आषाढांत पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडावी, तिची इंचभर साल वर्तुळाकार काढावी, भोंवतीं ओलें शेवाळ बांधून वरून मेणकागद गुंडाळावा. सहा ते आठ आठवड्यांत मुळ्या दिसूं लागल्या कीं गुटीच्या खालीं कापून रोप कुंडींत लावावें व नवी पालवी फुटेपर्यंत सावलींत ठेवावें.