विमान भाड्याचं, जीव आपला

'चार्टर आहे, कुत्रा मोकळा बसला तरी चालेल,' असं फोनवर बिनधास्त सांगणाऱ्या दलालांचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. पुण्याजवळच्या रावेतमधून बदलीच्या गावी तीस किलोचा लॅब्रेडॉर न्यायचा तर पर्याय मोजकेच. आकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये प्राणी घ्यायला सुरुवात केली, पण तेव्हा मर्यादा पिशवी-पिंजऱ्यासकट ७ किलोंची होती. मोठ्या कुत्र्याला उरतो तो विमानाच्या पोटातला सामानाचा कप्पा. तिथे पाठवायला मन धजत नाही, म्हणून लोक वर्गणी काढून छोटं विमान ठरवतात. जून २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या प्राण्यांसाठी दिल्ली-मुंबई असं सहा आसनी जेट ठरवण्याचा बेत बातम्यांत गाजला. दर प्राण्यामागे सुमारे १.६ लाख रुपये. इतके पैसे मोजले की सुरक्षितताही त्यात आली, असं आपण धरून चालतो. चूक तिथेच होते.

छोट्या विमानातल्या खुर्च्या आणि पट्टे आणीबाणीत पुढच्या दिशेने वजनाच्या नऊपट जोर सोसतील अशा हिशेबाने बनवतात. तोच हिशेब मोकळ्या कुत्र्याला लावला तर तीस किलोचे २७० होतात, आणि पुढे बसलेला असतो वैमानिक. मांडीवर घट्ट धरू म्हणणाऱ्याने हा आकडा आठवावा. म्हणून कुत्रा पिंजऱ्यातच हवा. पिंजऱ्यात तो घाबरतो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे महिनाभर आधी पिंजरा दार उघडं ठेवून घरात ठेवायचा आणि जेवण त्यातच द्यायचं. विमानात तो पिंजरा पट्ट्यांनी आवळून बांधलेलाच हवा. सुटा पिंजरा हेही फेकलं जाणारं सामानच. गुंगीचं औषध द्या, असा सल्लाही सर्रास मिळतो. त्याने रक्तदाब उतरू शकतो आणि अंगातली उष्णता सांभाळणं बिघडू शकतं. त्यातच जेटच्या केबिनमधली हवा आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ शकते. आपलं राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाईसुद्धा ५,४०० फूटच आहे. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर ही जोखीम नकोच. पशुवैद्याला आधी दाखवा, हे सांगायलाच नको.

खरी फसगत मात्र जमिनीवर होते आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे उड्डाणासाठी थांबावं लागू शकतं. अनेक छोट्या जेटमध्ये इंजिन बंद झालं की एसीही बंद होतो. मे महिन्यात ती केबिन बघता बघता भट्टी होते, आणि कुत्र्याकडे धापा टाकण्याखेरीज फारसा उपाय नसतो. जीभ पसरून गडद लाल झाली, लाळेला चिकट तार सुटली, की उष्माघात सुरू झाला समजा. लगेच सावलीत न्या, पोट आणि पंजे पाण्याने भिजवा. म्हणून उड्डाण पहाटेचंच मागा आणि कुत्र्याला सगळ्यात शेवटी चढवा.

आयत्या वेळी 'कॅप्टनचा निर्णय' म्हणून दलाल हात झटकतात. शेवटचा शब्द वैमानिकाचाच असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. तो शब्द पैसे घेण्याआधी का विचारला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. पिंजरा कुठे आणि कसा बांधणार, जमिनीवर थंडावा कशाने राखणार, वैमानिकाने नकार दिला तर पैसे परत मिळणार का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं हातात येईपर्यंत एक रुपयाही आगाऊ देऊ नका.